मी कापलेला फोटो

पुस्तकातल्या चित्राखाली बारीक टायपात एक ओळ असते. चित्र क्रमांक, दोन टिंबं आणि पुढे काहीतरी. विद्यार्थी ती वाचत नाहीत, परीक्षेत ती कुणी विचारत नाही आणि बऱ्याच लेखकांना ती आपल्या पुस्तकात आहे हेही ठाऊक नसतं. ती ओळ मी लिहायची. नाशिकच्या एका शैक्षणिक प्रकाशनात मी अठ्ठावीस वर्षं ‘चित्रांच्या बाई’ होते. नातेवाइकांना वाटायचं, मी चित्रं काढते. कुणाच्या बारशाला गेलं की एखादी पोर वही घेऊन समोर उभी, “मंदामावशी, मोर काढून दे ना.” मला मोर येत नाही. पट्टी नसेल तर सरळ रेघही येत नाही. चित्र शोधायचं, त्याची परवानगी आणायची, पानात बसेल एवढं ते कापायचं आणि खाली ओळ लिहायची, एवढंच माझं काम.

आमची पुस्तकं कॉलेजांसाठी असत. भूगोल, समाजशास्त्र आणि सगळ्यात जास्त खपायची ती नर्सिंगच्या मुलींची. लेखक म्हणजे प्राध्यापक मंडळी. हस्तलिखितात ते समासात लाल शाईनं लिहायचे, ‘येथे योग्य चित्र घालावे’. योग्य म्हणजे कसं, ते विचारायला गेलं की म्हणायचे, “ते तुम्ही बघा हो, तुमचा हात बसलाय.” आणि खरंच बसला होता. माझ्या टेबलामागे एक लोखंडी कपाट होतं, त्यात खाकी पाकिटं. पाकिटांवर माझ्या अक्षरात नावं : शेतकरी, मजूर, झोपडपट्टी, आदिवासी, डॉक्टर, स्त्री – सुशिक्षित, स्त्री – अशिक्षित. फोटोग्राफर मंडळी गठ्ठे आणून द्यायची आणि मी ते पाकिटांत वाटायची.

कुणाला कुठल्या पाकिटात घालायचं हे मी चेहरा बघून ठरवायची. रंग बघून म्हटलं तरी खोटं होणार नाही. येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्या बाईंचा सुरेख फोटो आला होता. काळ्यासावळ्या, डोक्यावर पदर, नजर मागावर. मी त्यांना ‘अशिक्षित’मध्ये टाकलं. फोटो आणणारे रमेशभाऊ म्हणाले, “अहो ताई, त्या बी. ए. आहेत. घरातला सगळा पत्रव्यवहार त्याच बघतात.” मी म्हटलं, “दिसत नाहीत हो तशा.” फोटो त्याच पाकिटात राहिला आणि पुढे प्रौढ शिक्षणावरच्या एका पुस्तकात गेलाही. आपल्यावर कुणी रागावलं तर, ही धास्ती मला कधी पडली नाही, कारण असली माणसं आमची पुस्तकं कधी उघडणार नाहीत असं मी धरूनच चालले होते.

परवानगीच्या बाबतीत मात्र मी कडक होते. माझी परवानगीची फाइल बघायला आमचे प्रकाशक, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, पाहुण्यांना मुद्दाम बोलवायचे. एकेका चित्रामागे एकेक सही. पण ती सही असायची फोटो काढणाऱ्याची. ज्याचा फोटो काढला त्याची सही घ्यायची असते हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कॅमेरा ज्याचा, चेहरा त्याचा, अशी धंद्याची समजूत होती. त्या फाइलचा मला गर्व होता. आज आठवलं की कानशिलं तापतात.

हाताने काढायची चित्रं देवरेमास्तर काढायचे. एकदा आरोग्याच्या पुस्तकासाठी त्यांनी ‘स्वच्छ माता’ आणि ‘अस्वच्छ माता’ अशी जोडी काढून आणली. स्वच्छ आई गोरीपान, वेणीत गजरा. अस्वच्छ आई काळी, केस पिंजारलेले. मास्तर स्वतः चांगले काळेकुट्ट, आणि त्यांच्याइतका टापटीप माणूस अख्ख्या कचेरीत नव्हता. शर्टाला घडी असायची ती संध्याकाळपर्यंत टिकायची.

मी विचारलं, “मास्तर, ही दुसरी बाई काळी का?”

“मग मुलींना कळणार कसं, अस्वच्छ कोण ते?”

“आंघोळ केली नाही तर माणूस काळं होतं का?”

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “बाई, माझ्या आईनं मला वजरीनं घासघासून आंघोळी घातल्यात. उजळलो का? पण पुस्तकात असंच असतं. मी लहानपणापासून असंच बघत आलोय.”

आम्ही दोघंही हसलो. हसत हसत मी चित्रावर ‘पास’ लिहिलं. मास्तर पुढच्या चित्राला लागले आणि त्यांच्याच रंगाची बाई घाणेरडी म्हणून छापायला गेली. त्यांना काय वाटलं असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

इगतपुरीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी मला पहिल्यांदा हलवलं. त्यांचा फोन आला तो दादांसाठी. दादा नव्हते म्हणून मी घेतला.

“तुमच्या पुस्तकातला गोवर कोणाच्या पोराचा आहे?” त्यांनी विचारलं. आवाज तापलेला.

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे पाठ गोरी आहे नं, साहेबाच्या पोराची. त्याच्यावर लाल पुरळ मस्त दिसतं. आमच्या इकडची पोरं सावळी. पुरळ लाल दिसतच नाही. हात फिरवला की खरखरीत लागतं, तसं ओळखायचं. माझ्याकडे नवीन पोरगी आलीय, तुमचं पुस्तक पाठ केलेली. तिनं लेकराला बघितलं आणि म्हणाली घामोळं आहे, जा घरी. लेकरू न्यूमोनिया होऊन परत आलं. वाचलं ते नशिबानं.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आणि खरजेचे, कुष्ठाचे फोटो मात्र सगळे आमच्या रंगाचे छापलेत. का हो? आम्हाला नुसती खरूजच होती का?”

मी फोन ठेवला आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. सिस्टर म्हणत होत्या ते शब्दशः खरं होतं. गोवर, कांजिण्या, ॲलर्जी असले सभ्य आजार परदेशातून आलेल्या चित्रांमध्ये, गोऱ्या कातडीवर. खरूज, नायटा, कुष्ठ, जखमेत पडलेले किडे हे सगळे आपल्याकडच्या काळ्या माणसांवर, डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवलेली. हे कुणी कट करून ठरवलेलं नव्हतं. एक एक चित्र निवडताना सोपं ते उचललं होतं, आणि उचलणारी मी होते.

पुढच्या आवृत्तीसाठी मी स्वतः सरकारी दवाखान्यात खेटे घातले. सावळ्या मुलाच्या अंगावरचा गोवर कसा दिसतो याचा फोटो मिळवला, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्या मुलाच्या आईला बसवून सगळं समजावलं, फोटो कुठे जाणार ते सांगितलं, मग सही घेतली. खाली ओळ लिहिली, ‘सावळ्या त्वचेवर पुरळ लाल न दिसता स्पर्शाला खरखरीत लागते’. सिस्टरांना पुस्तक पाठवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, ‘आता बरोबर’. त्या एका चित्राचा मला अजून अभिमान आहे. पण मन खायला उठतं ते वेगळ्याच गोष्टीनं. ती आवृत्ती तपासताना त्याच पुस्तकातलं कुपोषणाचं पान मी वाचलं होतं. त्या पानावर हरसूलचा फोटो होता. मी तो बघितला, ओळ बघितली, शुद्धलेखन ठीक आहे म्हणून खूण केली आणि पान उलटलं.

त्या फोटोची हकिगत सांगायची म्हणजे आणखी मागं जावं लागेल.

भूगोलाच्या पुस्तकात आठवडे बाजाराचा धडा होता. रमेशभाऊंची मोटारसायकल आणि मागे मी, असे आम्ही हरसूलच्या बाजाराला गेलो. मे महिन्याचे दिवस होते. मी मखमलाबादकडची, माळ्याची लेक. आमच्या घरी झेंडू आणि शेवंतीचे मळे, लहानपणी मीही आईबरोबर फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात बसलेली. त्यामुळे बाजार मला नवा नव्हता. पण त्या दिवशी मी पर्स, घड्याळ आणि गॉगल असा सगळा जामानिमा करून गेले होते, कारण आता मी बाजारात बसणारी नव्हते, बाजार बघायला आलेली होते.

एका कडेला एक तरणी बाई करवंदं घेऊन बसली होती. पुढ्यात मोठी पाटी काठोकाठ भरलेली, शेजारी पळसाच्या पानांचे द्रोण. मांडीवर तान्हं मूल गाढ झोपलेलं, मान मागं टाकलेली, तोंड उघडं. बाई गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती आणि जिंकत होती. मी बघत उभी राहिले तशी तिनं ओंजळभर करवंदं उचलली आणि हात माझ्याकडे लांब केला.

“घे, खाय. इकत नको घेऊ, नुसती खाय.”

मी हात पुढे केला. रमेशभाऊंनी तेवढ्यात बटण दाबलं.

“फोटो काढला का?” तिनं विचारलं. “मंग मला बी एक दे. माझा नाय एक बी.”

“देते ना, पाठवते,” मी म्हटलं. “नाव सांगा तुमचं.”

“तुळसा. हरसूलात कोणालाबी इचार, करवंदंवाली तुळसा.”

मी डायरीत नाव लिहिलं. करवंदं खाल्ली. फार गोड होती. परतल्यावर फोटो धुऊन आले, धड्यात दुसराच एक फोटो गेला आणि हा ‘आदिवासी’ पाकिटात पडला. फोटोच्या मागं मी पेन्सिलीनं लिहिलं, ‘हरसूल – बाई + मूल’. डायरीतलं नाव डायरीतच राहिलं. फोटो पाठवायचा राहून गेला असं म्हणायची पद्धत आहे. राहून गेला नाही, मी पाठवला नाही.

काही महिन्यांनी नर्सिंगचं पुस्तक आलं. कुपोषणाच्या धड्यात समासात लाल शाई : ‘येथे गरीब आदिवासी मातेचे चित्र घालावे’. पुस्तक प्रेसला जायची घाई होती. मी पाकीट उपडं केलं. झोपलेलं मूल मान टाकून निपचित दिसत होतं, ते कामाचं होतं. अडचण एकच होती. फोटोच्या डाव्या कडेला मी होते. माझा हात, मनगटावरचं घड्याळ, खांद्याला पर्स. आणि खाली करवंदांची भरलेली पाटी. पाटी दिसली तर गरिबी कुठून दिसणार?

आमच्या धंद्याचा नियम असा की मूळ फोटोला हात लावायचा नाही. वर पातळ बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिलीनं चौकट आखायची, प्रेसमधला कॅमेरावाला तेवढाच भाग घेतो. मी तो नियम नव्या मुलींना शिकवायची. पण त्या दिवशी मी पट्टी ठेवली आणि कटर चालवला. डावीकडून मला कापलं, खालून पाटी कापली. तुळसाबाईंचा हात बोटांच्या पेरांवर कापला गेला, म्हणजे करवंदंही गेली. उरली एक बाई, मांडीवर निपचित मूल आणि पुढे पसरलेला हात. कापलेल्या पट्ट्या केराच्या टोपलीत टाकल्या आणि खाली ओळ लिहिली : ‘मदतीसाठी हात पसरलेली आदिवासी माता व तिचे कुपोषित बालक’.

ती ओळ लेखकाची नव्हती. माझी होती. लेखक फोनवर म्हणाले, “वा, बोलकं चित्र मिळवलंत.” मला बरं वाटलं.

पुढे सतरा-अठरा वर्षं ते चित्र त्या पुस्तकात राहिलं. छपाई बदलली, कटर जाऊन संगणक आला, चित्रं स्कॅन होऊन फोल्डरमध्ये गेली, पण फोल्डरांची नावं मी पाकिटांवरचीच ठेवली.

मग एके दिवशी दुपारी नर्सिंगच्या पांढऱ्या ड्रेसमधली एक मुलगी कचेरीत आली. उंच, रुंद खांद्यांची, आत येताना दारात चपला काढून ठेवणारी. हातात आमचं पुस्तक. चित्रांचं कोण बघतं, असं विचारत माझ्या टेबलाशी आली. पुस्तक उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, ही माझी आय हे.”

मी चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कपाळ तेच होतं.

“आणि हे कुपोषित बालक मी,” ती म्हणाली. “मी झोपले असंल. मी अजून तशीच झोपते, मैत्रिणी हसत्यात.”

तिचं नाव मंगल. ती चार वर्षांची असताना तुळसाबाई तापानं गेल्या. मंगलला आईचा चेहरा आठवत नव्हता आणि घरात फोटो नव्हता, त्यामुळे वर्गात हे पान शिकवलं तेव्हा तिनं चित्र बघितलं, ओळ पाठ केली, परीक्षेत लिहिलीही. सुट्टीत पुस्तक घेऊन घरी गेली. बापाला वाचता येत नाही, तो नुसती चित्रं बघत पानं उलटत होता आणि एकदम थांबला.

“बा रडायलाच लागला,” मंगल सांगत होती. “म्हणे, ही तुळसा हाय. ही तुझी आय हाय. वाडीतल्या सगळ्यांना बोलवून आणलं. म्हणे, बघा, आमची तुळसा पुस्तकात आलीय. सगळे खूश. मग म्हणला, मंगल, खाली काय लिवलंय, वाच.”

मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, तो तिनं घेतला नाही.

“सगळे बसले होते, मॅडम. मी वाचलं. खोटं सांगायला पाहिजे होतं, पण सुचलंच नाय.”

“मग?”

“बा रात्री जेवला नाय. सकाळी म्हणला, तिनं कोणापुढं हात पसरला नाय. मेली तवा बी कोणाचं काय ठेवून नाय गेली. तू जा, ज्यांनी हे लिवलंय त्यांना जाऊन इचार. आणि हे खोटं हाय असं त्यांच्याकडून कागदावर लिवून आण. मी तो कागद वाडीत सगळ्यांपुढं वाचून घेणार हाय.” मग ती हळूच म्हणाली, “ते पान त्यानं फाडून घेतलंय. खालची ओळ दुमडलीय आणि भितीला लावलंय. हे पुस्तक मैत्रिणीचं हे.”

मी उठले. कपाट अजून होतं. ‘आदिवासी’ पाकीट काढलं आणि मूळ फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला, मागची पेन्सिल वाचली, मग डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

“हितून कापलाय का?”

मी तिला सगळं सांगितलं. पाटी, करवंदं, तिची आई काय म्हणाली ते, आणि तो हात कुणाकडे लांब झाला होता ते.

“म्हंजे देत होती,” मंगल म्हणाली.

“हो. मला देत होती.”

“आणि बाकीचा फोटो?”

“फेकला. निगेटिव्ह रमेशभाऊंकडे होत्या, पण त्यांचा स्टुडिओ बंद झाला. काही उरलेलं नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, म्हणजे मला तरी दिसला नाही. तो असता तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मग तुम्हीच लिहून द्या ना, मॅडम. तुम्हीच होत्या तिथं. जे आत्ता सांगितलं तेच लिहा.”

“देते,” मी म्हटलं.

दादा संध्याकाळी आले. माणूस वाईट नव्हता. ऐकून त्यांनाही वाईट वाटलं, त्यांनी लगेच सांगितलं, ते चित्र पुढच्या आवृत्तीतून काढा, दुसरं घाला. “पण लेखी काही देऊ नका हं, मंदाताई. लेखी दिलं की ते आपल्याच गळ्यात येतं. उद्या आणखी कुणी उभं राहील. इतक्या वर्षांची चित्रं आहेत, कुठवर पुरे पडणार?” मी म्हटलं, निदान मी माझ्या नावानं देते. ते म्हणाले, “तुमचं नाव म्हणजे प्रकाशनाचंच नाव. दोन वर्षं राहिलीत तुमची, कशाला नसती भानगड?”

मी ऐकलं. कुणी माझा हात धरला नव्हता. घरी बसून एक साधं पत्र लिहिलं असतं तर दादांना कळलंही नसतं. पण मला भीती वाटली. आणि भीतीपेक्षाही लाज जास्त होती, कारण ते पत्र वाडीत मोठ्यानं वाचलं जाणार होतं, आणि त्यात मी कोण होते आणि मी काय केलं हे लिहावं लागणार होतं.

मंगलनं तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हटलं, “बघते.” दुसऱ्यांदा म्हटलं, “साहेबांशी बोलतेय.” तिसऱ्यांदा शेजारच्या मुलीला सांगितलं, मी नाही म्हणून सांग. त्यानंतर फोन आला नाही. चित्र बदललं, मी निवृत्त झाले, सत्कारात दादांनी माझ्या परवानगीच्या फाइलचं कौतुक केलं.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी माझ्या बहिणीनं मोबाइलवर एक मेसेज पाठवला. कुठल्याशा संस्थेचं मदतीचं आवाहन, ‘एक हात पुढे करा’. वर चित्र होतं. रंग भडक केलेले, कडा गोल केलेल्या, पण माझा कटर मी ओळखणार नाही का? आमच्या जुन्या आवृत्तीवरूनच कुणीतरी उचललं असणार. परवानगी वगैरे कुणाची घेतली असेल असं वाटत नाही. बहिणीनं खाली लिहिलं होतं, ‘बिचारी गं’. मी तिला फोन करून म्हटलं, बिचारी नाही ती, आणि रडायला लागले. बहीण घाबरली.

त्याच दिवशी पत्र लिहिलं. दीड पान झालं. काही लपवलं नाही. माझं नाव, तुळसाबाईंचं नाव, करवंदांची भरलेली पाटी, त्यांनी मला न मागता दिलेली ओंजळ, मी कापलेल्या दोन पट्ट्या, माझी खोटी ओळ. शेवटी लिहिलं की या बाईनं त्या दिवशी कुणापुढेही हात पसरला नव्हता, हात पुढे केला होता तो मी, आणि वाडीनं मला बोलावलं तर मी हे स्वतः येऊन सांगेन. सही केली. ते पोस्टानं पाठवणं म्हणजे परत पळ काढणं, असं वाटलं. एसटीनं हरसूलला गेले.

दवाखान्यात विचारलं तर मंगल सिस्टर सगळ्यांना माहीत. पलीकडच्या एका उपकेंद्रात होत्या. जीपवाल्यानं दारात सोडलं. ओट्यावर सात-आठ बाया, पोरं. मी रांगेत बसले. आत मंगल एका बाळाच्या मांडीवरचं गळू बघत होती. थोडी जाड झाली होती, आवाज भरदार झाला होता. तिनं मोबाइल काढला आणि बाळाच्या आईला म्हणाली, “डॉक्टरला दाखवाया फोटो काढू का? तोंड नाय घेत, नुसती मांडी. डॉक्टरनं बघितला की पुसून टाकीन, तुझ्यासमोर.” बाईनं मान हलवली तेव्हाच तिनं फोटो काढला. मी अठ्ठावीस वर्षं ज्या धंद्यात होते तो धंदा ही मुलगी माझ्यापेक्षा बरा करत होती.

माझी पाळी आली तेव्हा तिनं मला लगेच ओळखलं.

“मॅडम, तुम्ही? पाय दुखतोय का?”

मी पाकीट दिलं. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, मग स्टुलावर बसली. दीड पान वाचायला तिला बराच वेळ लागला. एकदा मागं जाऊन पहिलं पान परत वाचलं.

“चांगलं लिहिलंय,” ती म्हणाली. “सगळं लिहिलंय.”

“तुझ्या वडलांना वाचून दाखव. मी थांबते, हवं तर मीच वाचते वाडीत.”

तिनं कागद घडीवर घडी घालून ड्रेसच्या खिशात ठेवला. मग म्हणाली, “बा गेला, मॅडम. दोन पावसाळे झाले.”

मी तपासायच्या खाटेवर टेकले.

“मला नव्हता पाहिजे हो कागद. आय कशी होती ते बानं मला सांगितलं होतं, मला ठाऊकच होतं. कागद त्याला पाहिजे होता. दर सुट्टीला घरी गेले की पहिलं तेच इचारायचा, मंगल, आला का कागद? मी म्हणायची, टपालात असंल, बा. शेवटी दवाखान्यात होता तवा बी इचारलं. मी म्हटलं, उद्या येईल.”

दारात एक बाई तापलेलं लेकरू घेऊन उभी होती. मंगलनं तिला आत बोलावलं आणि मला म्हणाली, “मॅडम, जरा उठता का? बाळाला तिथं निजवायचंय.” मी उठले आणि ती जागा रिकामी करून दिली.